खांदा मोडला, तो बदलायचा का?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन स्त्रिया हात गळ्यात बांधून माझ्याकडे आल्या. पहिल्या आजी ८२ वर्षांच्या. पहाटे न्हाणीघरातून बाहेर येताना ओल्या पायपुसण्यावरून पाय सरकला आणि त्या उजव्या खांद्यावर पडल्या. सोबत मुलगा, सून आणि नातू असे सारे घर आले होते. दुसऱ्या बाई ७१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान चार वर्षांपासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांनी हाक मारली म्हणून बाई दिवा न लावताच उठल्या, उंबऱ्याला ठेच लागली आणि डाव्या अंगावर कोसळल्या. त्यांच्यासोबत फक्त शेजारीण होती. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दोघींच्याही दंडाचे हाड खांद्यापाशी मोडले होते. क्ष-किरण चित्रे उजेडासमोर धरली, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना ती सारखीच भीतिदायक वाटली. आजींचा मुलगा म्हणाला, “हल्ली गुडघ्यासारखा खांदाही बदलतात म्हणे. खर्चाचा विचार करू नका डॉक्टर, आईसाठी जे उत्तम असेल ते करा.” आजींना मात्र एकच जाणून घ्यायचे होते : “माझा अंबाडा मला घालता येईल ना?” शिक्षिकाबाईंचे म्हणणे अगदी उलट होते. “ऑपरेशनचे नाव काढू नका. मी रुग्णालयात राहिले तर ह्यांच्याकडे कोण बघेल? गळ्यात झोळी बांधा आणि मला घरी जाऊ द्या.”

शेवटी झाले ते असे, की ज्यांचे घर शस्त्रक्रियेला तयार होते त्या आजींना आम्ही झोळी बांधून घरी पाठवले आणि ज्यांना घरी जाण्याची घाई होती त्या बाईंचा खांदा बदलला. असे का, हे आज सविस्तर पाहू. हा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो, आणि तो आला की नातलगांना चार दिवसांत मोठा निर्णय घ्यावा लागतो.

उथळ उखळ आणि मोठा गोळा

शालेय पुस्तकात खुबा आणि खांदा या दोहोंनाही ‘उखळीचा सांधा’ म्हटलेले असते. खुब्याची उखळ खरोखरच खोल असते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसतो. खांद्याची उखळ मात्र बशीइतकी उथळ. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा या लहानशा बशीला जेमतेम टेकलेला असतो. म्हणूनच आपला हात पुढे, मागे, वर आणि पाठीकडे असा सर्व दिशांना फिरतो. शरीरातील दुसरा कोणताही सांधा इतका मोकळा नाही.

या मोकळेपणाची किंमत स्नायू मोजतात. चार लहान स्नायूंच्या कंडरा गोळ्याभोवती वेढा घालून त्याला बशीवर धरून ठेवतात. गोळ्याच्या बाजूला दोन उंचवटे असतात, एक मोठा व एक लहान. त्यांच्यावर या कंडरा चिकटलेल्या असतात. या साऱ्यांच्या वरून खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड हा जाडजूड स्नायू पसरलेला असतो. त्याचे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचे महत्त्वाचे काम येणार आहे.

हाड मोडते तेव्हा ते कसेही फुटत नाही. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, की येथे हाड बहुधा चार ठरावीक तुकड्यांत मोडते : गोळा, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि खालचा दांडा. न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये त्यावर आधारलेले वर्गीकरण मांडले. ते आजही जगभर वापरले जाते. त्यातील मर्म असे, की हाडाला भेगा किती पडल्या हे मोजायचे नाही. जागा सोडून किती तुकडे हलले ते मोजायचे. साधारणपणे एक सेंटिमीटरहून अधिक सरकलेला किंवा ४५ अंशांहून अधिक कललेला तुकडाच ‘वेगळा झाला’ असे मानतात. तेव्हा अहवालात ‘अनेक तुकडे’ हे शब्द वाचून लगेच धीर सोडू नये. तुकडे एकमेकांना धरून असतील तर निसर्ग त्यांना जोडतो.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या हाडाला लगटूनच वर चढतात. तुकडे फार दूर गेले, की या वाहिन्या तुटतात. मग हाड कितीही नीट जोडले तरी पुढील महिन्यांत गोळा निर्जीव होऊन ढासळण्याचा धोका राहतो. चित्र पाहताना डॉक्टरांच्या मनात हाच प्रश्न असतो : हा गोळा जगेल का?

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही

उतारवयातील अस्थिभंगांत, मणके सोडले तर, खुबा आणि मनगट यांच्यानंतर याच हाडाचा क्रमांक लागतो. रुग्णांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक असते. बहुतेक वेळा कारण एकच : उभ्या उंचीवरून पडणे. दिलासा देणारी गोष्ट ही, की दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार जणांत तुकडे फारसे हललेले नसतात आणि झोळी, वेदनाशामक औषधे व व्यायाम एवढ्यावर त्यांचे काम भागते.

जे तुकडे हललेले असतात, त्या सर्वांनाही शस्त्रक्रियेचा लाभ होतोच असे नाही. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत असे २५० रुग्ण निवडून निम्म्यांवर शस्त्रक्रिया व निम्म्यांवर झोळीचा उपचार करण्यात आला. ‘प्रोफर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या वेदना आणि हाताची उपयुक्तता पाहता, दोन वर्षांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पाच वर्षांनंतरही चित्र तेच राहिले. मात्र या अभ्यासाच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. ज्यांना शस्त्रक्रियेची उघड गरज होती, ते रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. शिवाय ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकी बहुतेकांचे हाड प्लेट-स्क्रूने जोडलेले होते. ज्या नव्या प्रकारच्या सांध्याविषयी आपण पुढे बोलणार आहोत, त्याबद्दल हा अभ्यास फारसे सांगत नाही.

आजींच्या चित्रात तीन तुकडे होते. परंतु गोळा बशीसमोरच होता आणि खालच्या दांड्यावर रुतून बसला होता. सीटी स्कॅनमध्ये मोठा उंचवटा थोडासाच वर सरकलेला दिसला. त्यांचे हृदय अशक्त होते, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती आणि घरात हातभार लावणारी माणसे होती. हाड जुळून येणार होते. हात पूर्वीइतका वर जाणार नव्हता, पण जेवण, वेणीफणी, जपमाळ एवढ्यापुरता पुरेल अशी वाजवी आशा होती. या मिळकतीसाठी भूल आणि जंतुसंसर्ग यांची जोखीम पत्करणे शहाणपणाचे नव्हते. मुलाला मी म्हटले, “उत्तम उपचार म्हणजे सर्वांत मोठा उपचार असे समजू नका.” त्याला ते पटायला दोन दिवस लागले.

उलटा सांधा : गोळ्याच्या जागी वाटी

शिक्षिकाबाईंचे हाड मात्र चारही तुकड्यांत फुटले होते. गोळा बशीवरून निखळून बगलेकडे गेला होता आणि त्याला रक्त पुरवणारा एकही धागा उरला असावा असे दिसत नव्हते. असा हात झोळीत ठेवला तर वेदना टिकून राहतात आणि हात शरीरालगत जखडून जातो. निखळलेला गोळा मज्जातंतूंवर दाब देण्याचीही भीती असते.

अशा वेळी तीन मार्ग असतात. पहिला, प्लेट-स्क्रूने हाड जोडणे. साठीच्या आतील, मजबूत हाडाच्या रुग्णांत याचाच आधी विचार होतो. ठिसूळ हाडात मात्र स्क्रू पकड सोडतात किंवा निर्जीव गोळा ढासळल्यावर सांध्यात घुसतात. दुसरा मार्ग अर्धा सांधा बदलण्याचा. मोडलेला गोळा काढून धातूचा गोळा बसवायचा आणि उंचवटे त्याभोवती शिवायचे. अशा अस्थिभंगासाठी हा उपाय चार्ल्स नीर यांनीच १९५५ मध्ये मांडला. त्यात अडचण अशी, की शिवलेले उंचवटे जुळले तरच हात वर जातो. म्हाताऱ्या हाडात ते पुष्कळदा जुळत नाहीत. मग दुखणे थांबते, पण हात उचलत नाही.

तिसरा मार्ग उलट्या सांध्याचा. तसे पाहिले तर कृत्रिम खांद्याची कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी क्षयाने पोखरलेल्या एका खांद्यात प्लॅटिनम आणि कडक केलेल्या रबराचा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे दोन वर्षांनी तो काढावा लागला. परंतु कंडरा निकामी झालेल्या खांद्याला उपयोगी पडेल असा सांधा १९८५ मध्ये फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी तयार केला. त्यांनी निसर्गाची रचना उलटी केली. बशीच्या जागी धातूचा अर्धगोल स्क्रूने पक्का बसवला आणि दंडाच्या हाडात दांडी घालून तिच्या टोकाला वाटी ठेवली.

याने काय साधते? एरवी डेल्टॉइड स्नायू दंडाला वर खेचतो आणि लहान कंडरा गोळ्याला खाली धरतात. या दोहोंच्या मेळातून हात उचलला जातो. कंडरा गेल्या, की डेल्टॉइड नुसताच गोळ्याला वर ओढतो आणि हात जागचा हलत नाही. उलट्या सांध्यात वाटी पक्क्या गोळ्यावर टेकलेली असल्यामुळे ती वर सरकू शकत नाही, फक्त फिरू शकते. शिवाय फिरण्याचा मध्य शरीराच्या आत सरकल्याने डेल्टॉइडला, लांब पहारीने धोंडा हलवावा तसा, जोर मिळतो. कंडरांचे काम तो एकटा निभावून नेतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डेल्टॉइडचा मज्जातंतू शाबूत आहे ना, हे तपासावेच लागते.

वृद्धांच्या अस्थिभंगात या सांध्याचा अनुभव गेल्या काही वर्षांत तपासला गेला आहे. स्पेनमधील एका अभ्यासात सत्तरीपुढील ६२ रुग्णांत उलटा सांधा अर्ध्या सांध्यापेक्षा सरस ठरला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेत ६५ ते ८५ वर्षांच्या १२४ रुग्णांत त्याची तुलना प्लेटशी केली गेली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी उलट्या सांध्याच्या रुग्णांचा हात अधिक कामाचा होता. परंतु स्पेनमधीलच २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात ऐंशीपुढील रुग्णांत झोळीच्या तुलनेत वर्षभराने मिळालेला लाभ अल्पच होता. या तिन्हींचा एकत्रित अर्थ असा : हाड खरोखर उद्ध्वस्त झाले असेल आणि रुग्णाला त्या हाताने अजून बरेच काही करायचे असेल, तर उलटा सांधा चांगला पर्याय आहे. चित्र पाहून सरसकट सर्वांना तो सुचवू नये.

बाईंशी झालेले बोलणे

बाईंना मी हे सर्व सांगितले. त्यांनी शिक्षिकेला शोभेल असा नेमका प्रश्न केला : “ह्यांना उठवून बसवायला मला किती दिवसांत जमेल?”

याचे खरे उत्तर कठीण होते. मी सांगितले, की शस्त्रक्रिया केली तर सहा महिन्यांत तुम्ही केस विंचराल, फळीवरचा डबा काढाल, पोळ्या लाटाल. पण त्या हाताच्या जोरावर दुसऱ्या माणसाचे वजन पुन्हा कधीही उचलू नये. शस्त्रक्रिया केली नाही, तर हेही जमेल असे वाटत नाही आणि ते तर नाहीच नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. चार वर्षे त्यांनी हे काम एकटीने केले होते, मदतनीस ठेवण्याची सूचना प्रत्येक वेळी टाळली होती. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे माणूस ठेवावाच लागणार. मग हात तरी धड करून घेते.”

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी येथे जरा थांबावे. घरातील रुग्णाला सांभाळणारी व्यक्ती स्वतःही बहुधा साठी-सत्तरीची असते. तिचा खांदा मोडला तर एका घरात दोन रुग्ण होतात. मदत मागणे हे आपल्या माणसाला टाकणे नव्हे. ती वेळेवर मागितली तर दोघेही टिकतात.

निर्णयासाठी रात्रभरात धावाधाव करण्याचे कारण सहसा नसते. गोळा निखळलेला असेल, हात गार किंवा निळसर पडला असेल, बोटे हलत नसतील किंवा हाड कातडी फोडून बाहेर आले असेल, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावे. एरवी शस्त्रक्रिया साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत करतात. तेवढ्या अवधीत सीटी स्कॅन, हृदय व मूत्रपिंडाच्या तपासण्या, मधुमेहाचे नियंत्रण आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत हे सारे होऊ शकते. आधी झोळीचा मार्ग निवडला आणि काही महिन्यांनी दुखणे राहिलेच, तर तेव्हाही उलटा सांधा बसवता येतो. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि शासकीय योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे आधीच करावी.

घरातील पहिले सहा आठवडे

उपचार कोणताही असो, निम्मे यश घरात ठरते.

पहिल्याच दिवशी मोडलेल्या हाताच्या बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. हाताला सूज चढते आणि मग त्या कापाव्या लागतात. आजींनी बांगड्या काढायला ठाम नकार दिला होता. सुनेने त्या अलगद काढून त्यांच्याच दुसऱ्या हातात चढवल्या, तेव्हा त्यांचे समाधान झाले. दोन-चार दिवसांत काळेनिळे डाग कोपरापर्यंत व छातीवर उतरतात. ते पाहून घरचे घाबरतात. पण ते आत साचलेले रक्त असते आणि हळूहळू ओसरते. तेलाने मालीश करू नये, खांदा ओढून ‘बसवून’ घेऊ नये.

औषधांच्या दुकानात ‘आर्म पाउच’ म्हणून मिळणारी झोळी वापरावी. बगलेत मऊ सुती कापडाची घडी ठेवावी आणि ती रोज बदलावी, नाहीतर घामाने कातडी सोलवटते. आंघोळीच्या वेळी रुग्णाने किंचित पुढे वाकून हात सैल लोंबता सोडावा, म्हणजे खांदा न उचलता बगल पुसता येते. कपडे पुढून उघडणारे असावेत. घालताना दुखरा हात आधी, काढताना तोच शेवटी, हा नियम पाळावा.

झोप हा मोठा प्रश्न असतो. सपाट झोपल्यास खांदा ठणकतो. पाठीशी उशा लावून अर्धवट बसल्यासारखे झोपावे आणि कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी. सांधा बदललेल्यांसाठी सोपी खूण अशी : पडल्यापडल्या स्वतःचे कोपर डोळ्यांना दिसले पाहिजे. ते शरीराच्या मागे गेले तर सांधा निखळण्याचा धोका असतो. याच कारणाने खुर्चीच्या हातांवर किंवा पलंगावर त्या हाताचा जोर देऊन उठू नये. जमिनीवर बसणे तीन महिने तरी टाळावे. रुग्णाला उठवताना त्याला त्या हाताने किंवा बगलेत धरून ओढू नये. चांगल्या बाजूने कमरेला आधार द्यावा.

एक विषय संकोचामुळे बोलला जात नाही. उलट्या सांध्यानंतर हात पाठीमागे नेणे अवघड होते. अनेकांना ते कायमचेच कमी जमते. डावा खांदा बदललेल्या व्यक्तीला शौचानंतरची स्वच्छता कशी करायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. शस्त्रक्रियेपूर्वीच उजव्या हाताची सवय करावी, कमोडजवळ पाण्याचा फवारा उजव्या बाजूला बसवून घ्यावा. बाईंनी हे आधी केले नव्हते आणि पहिले पंधरा दिवस त्यांना परक्या मदतनिसापुढे फार लाजिरवाणे वाटले. मी ते आधी सांगायला हवे होते. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला सांगतो.

व्यायामाचा क्रम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच करायची असते. झोळीच्या उपचारात एक-दोन आठवड्यांनी, पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवण्याचा व्यायाम सुरू होतो. तोही कॉडमन यांचीच देणगी. सांधा बदलल्यास शिवलेले उंचवटे जुळावेत म्हणून चार ते सहा आठवडे खांद्याला सांभाळावे लागते, त्यानंतर हात स्वतःच्या बळावर उचलायचा आणि साधारण तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम. सुधारणा वर्षभर होत राहते. भीतीपोटी हात दोन-दोन महिने बांधून ठेवणे आणि उत्साहाच्या भरात तो ओढून वर करणे, दोन्ही घातक.

ताप, जखमेतून पाणी येणे, अचानक असह्य वेदना होऊन खांद्याचा आकार बदलणे, मनगट लुळे पडणे, पोटरी सुजणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

हा अस्थिभंग काय सांगतो?

उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडतो, तेव्हा दोष केवळ पायपुसण्याचा किंवा उंबऱ्याचा नसतो. हाडे ठिसूळ झालेली असतात. खांदा मोडलेल्या व्यक्तीचा खुबा मोडण्याचा धोका पुढील काळात, विशेषतः पहिल्या वर्षात, वाढलेला असतो. तरीही झोळी निघाली की बहुतेक घरे हा प्रसंग विसरतात. उपचार येथेच अर्धा राहतो.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्यात. हाडे बळकट करणाऱ्या औषधांत आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषधही आहे. कोणते घ्यायचे, हे डॉक्टर दात व मूत्रपिंडे तपासून ठरवतील. केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबू नये. सोबत घराचीही तपासणी करावी : रात्रीचा मंद दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी, घसरणारी पायपुसणी हद्दपार, मोतीबिंदूचा निकाल आणि झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार.

डॉक्टरांना विचारावेत असे पाच प्रश्न

१. गोळा जागेवर आहे का, आणि तो जगण्याची शक्यता किती?
२. शस्त्रक्रिया केली नाही, तर सहा महिन्यांनी हा हात काय करू शकेल?
३. केली, तर काय करू शकेल आणि कोणते काम कधीच करू नये?
४. आमच्या रुग्णाचे वय, हृदय आणि मधुमेह पाहता जोखीम काय आहे?
५. हाडांच्या ठिसूळपणावर उपचार कधी सुरू करायचा?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना रुग्णाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. तो सकाळी उठल्यापासून त्या हाताने काय काय करतो, हे घरच्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. शक्य तर हे प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावेत. हात त्याचा आहे.

वर्षभराने दोघीही तपासणीला आल्या. आजींचा हात कानापर्यंत जात होता, त्याहून वर नाही. त्या टेबलावर दोन्ही कोपरे टेकतात, मान पुढे वाकवतात आणि अंबाडा स्वतःच घालतात. थोडा कलता बसतो, असे सुनेने हसत सांगितले. बाईंचा हात डोक्याच्या वर जात होता, पाठीमागे मात्र कमरेशीच अडत होता. यजमानांना उठवण्यासाठी सकाळ-संध्याकाळ मदतनीस येतो. “मधल्या वेळात मी त्यांना पेपर वाचून दाखवते. आधी त्याला वेळच नसायचा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत डेक्साचा अहवाल होता, आणि त्यातील आकड्यांचा अर्थ त्यांना जाणून घ्यायचा होता.

तो अर्थ कसा लावायचा, हे पुढील अंकात पाहू.